पुढच्या ब्रेकचा टॉर्क: चुकीच्या तक्त्यामुळे अडलेलं एक काम

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गॅरेज, माणसं आणि गाडीचं मेक-मॉडेल यांची ओळख काढून टाकली आहे. मापं, सुटे भाग आणि कामाचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे.

पार्श्वभूमी

दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज. मालक जुने कारागीर, हाताच्या अंदाजावर नट-बोल्ट आवळण्यात आयुष्य गेलेले. त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेला तरुण मेकॅनिक. त्याने हट्ट धरून टॉर्क पाना घ्यायला लावला होता, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळला (टॉर्क) ते मोजून ठरलेल्या मापाला क्लिक देणारा पाना. पाना अर्धा इंच ड्राइव्हचा, क्लिकवाला, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. बाजारात सहज मिळतो आणि अ‍ॅक्सलच्या नटाला किंवा चारचाकीच्या चाकाला चांगला चालतो.

गाडी १५० सीसी गटातली, २०१६ ची. पुढे एक डिस्क, दोन पिस्टनचं सरकतं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. (१२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून, ही गाडी त्याआधीची.) गाडीमालक शिक्षक, रोजचं जाणं-येणं याच गाडीवर. पुढच्या ब्रेकच्या रबरी होजला टोकाच्या फेरूलजवळ (धातूच्या टोपीजवळ) चिरा पडल्या होत्या, म्हणून त्यांनी स्टीलच्या जाळीची होज ऑनलाइन मागवली. खोक्यात होज, लाल रंगाचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन बॅन्जो बोल्ट (होज जोडणारे, आतून ऑइल जाणारे पोकळ बोल्ट), अ‍ॅल्युमिनियमचे चार वायसर आणि घडी घातलेलं एक पत्रक होतं. काम ठरलं ते एवढं: होज बदलायची, पॅड नवे टाकायचे, ब्रेक ऑइल बदलून हवा काढायची. संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची.

अडचण

पॅड बसवून कॅलिपर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या) बॉडीला लावताना मेकॅनिकने दोन्ही बोल्टच्या आट्यांना इंजिन ऑइलचं बोट लावलं, गंज धरू नये म्हणून. मोबाइलवर साठवलेल्या एका तक्त्यात कॅलिपरच्या बोल्टपुढे ३० हा आकडा होता. खालच्या बोल्टला ३० वर क्लिक आली. वरचा बोल्ट घट्ट होत होत मध्येच सैल लागायला लागला आणि फिरतच राहिला. काढून बघितलं तर बोल्टच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळून आली होती. फोर्कच्या कानातले (बोल्ट बसतो त्या उंचवट्यातले) आटे गेले होते.

तो बोल्ट तात्पुरता बाजूला ठेवून त्याने होज लावायला घेतली. त्याच तक्त्यात होजच्या बोल्टला ३४ होते. मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या) बाजूचा लाल बोल्ट आवळताना क्लिक यायच्या आधीच पाना मऊ लागायला लागला: हात पुढे जातोय, पण जोर वाढत नाही. तिथे तो थांबला. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. क्लिक येईपर्यंत ओढायचंच असा हट्ट धरला असता तर तो पोकळ बोल्ट आडव्या भोकाजवळ तुटला असता आणि अर्धा तुकडा मास्टर सिलिंडरमध्ये राहिला असता.

बोल्ट काढून आट्यांवर पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजणारी पानं) धरलं. टोकाकडे १.२५ चं पान नीट बसत होतं, आडव्या भोकाजवळ ते दोन आट्यांनंतर उचललं जात होतं. म्हणजे बोल्ट ताणला गेला होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. गेज नसतं तर तो बोल्ट पुन्हा वापरला गेला असता.

आकडा कुठून आला

मोबाइलवरचा तक्ता म्हणजे एका वर्कशॉप मॅन्युअलच्या पानाचा कापलेला फोटो होता. वरचं शीर्षक कापलं गेलेलं, गाडीचं नाव नाही, एककं नाहीत. होजच्या बोल्टसमोर तीन आकडे होते: ३४, ३.५, २५.

एककं नसली तरी ती ओळखता येतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. ३४ ला ३.५ ने भागलं तर ९.७ येतात, २५ ने भागलं तर १.३६. म्हणजे ३४ न्यूटन-मीटर, ३.५ किलोग्रॅम-मीटर आणि २५ फूट-पाउंड. हा हिशेब मेकॅनिकने केला होता आणि तो बरोबर होता. एककात त्याची चूक नव्हती.

चूक होती ती तक्ता कोणत्या गाडीचा आहे हे न बघण्यात. होजच्या बोल्टला ३४ हा आकडा होंडाच्या कितीतरी मॉडेलांत आढळतो. सुझुकीच्या बऱ्याच मॉडेलांत त्याच जागी २३ असतो, यामाहाच्या अनेक मॉडेलांत ३०. बोल्ट तिन्हीकडे एम-१० चाच (१० मिलिमीटर व्यासाचा), पण त्याचं आतलं भोक, डोक्याखालचा घेर, वायसरचा धातू आणि समोरच्या ओतीव भागाची जाडी प्रत्येक कंपनीने आपापल्या हिशेबाने ठरवलेली असते. टॉर्कचा आकडा हा त्या संपूर्ण जोडाचा असतो. जोडातली एक वस्तू बदलली की तो आकडा लागू राहत नाही.

इथे तर दोन गोष्टी बदलल्या होत्या. तक्ता दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा, आणि बोल्ट पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा. खोक्यातलं पत्रक नंतर कचऱ्याच्या डब्यातून काढून उलगडलं, तर त्यात लाल बोल्टसाठी १५ न्यूटन-मीटर लिहिले होते. लावायला घेतले होते ते त्याच्या दुपटीहून जास्त.

कॅलिपरच्या बोल्टचा प्रकार वेगळा. तिथे योग्य आकडा (तो पुढे मिळाला) २६ होता आणि लावले गेले ३०. फरक चारचाच. एवढ्याशा फरकाने निरोगी आटे सहसा जात नाहीत. आटे घालवले ते ऑइलने.

पाना फिरवताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या दहा टक्क्यांतून प्रत्यक्ष ताण तयार होतो. त्यामुळे घर्षण थोडं कमी झालं तरी ताण भराभर वाढतो. नेहमीचं सूत्र असं: ताण म्हणजे टॉर्क भागिले (टॉर्क-गुणांक गुणिले बोल्टचा व्यास); या गुणांकात सगळं घर्षण धरलेलं असतं. कोरड्या पोलादी आट्यांना गुणांक सुमारे ०.२ धरतात, ऑइल लावलेल्यांना सुमारे ०.१५.

एम-८ बोल्ट, कोरडा, २६ न्यूटन-मीटर: ताण सुमारे १६,२५० न्यूटन.
एम-८ बोल्ट, ऑइल लावलेला, ३० न्यूटन-मीटर: ताण सुमारे २५,००० न्यूटन.

तक्त्यातला फरक १५ टक्क्यांचा होता, जोडावरचा फरक ५० टक्क्यांच्या वर गेला. ८.८ वर्गाचा (हा बोल्टच्या ताकदीचा वर्ग) एम-८ बोल्ट सुमारे २१,००० न्यूटनपर्यंतचा भार कायमचा ताण न धरता सोसतो. इथे ती मर्यादाही ओलांडली गेली. वरच्या भोकातले आटे आधीच थकलेले होते, ते निघून आले. खालचे टिकले, पण तो बोल्ट पुन्हा वापरायच्या लायकीचा राहिला नाही.

आणखी एक बाब पान्याची. पाना २८ पासून सुरू होणारा. योग्य तक्ता हातात असता तरी त्यावर २३ लावता आले नसते, २६ ही नाही. क्लिक पाना आपल्या कमाल मापाच्या २० टक्क्यांच्या खाली भरवशाचा नसतो. २१० च्या पान्यासाठी ही हद्द ४२ येते. म्हणजे या पान्यावर ३० किंवा ३४ लावले तरी प्रत्यक्षात किती लागले हे कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. ब्रेकचं जवळजवळ सगळं काम ५ ते ४५ न्यूटन-मीटरमध्ये होतं, आणि गॅरेजमध्ये सर्रास असतो तो पाना नेमका त्याच्या वरच्या टप्प्यातला.

समोरचे पर्याय

संध्याकाळचे सात वाजले होते. गाडीमालक घ्यायला आले.

"उद्या शाळा आहे हो. जुनेच बोल्ट टाकून नाही का देता येणार?"

"होजचे जुने बोल्ट चालतील सर," गॅरेजमालक म्हणाले, "पण कॅलिपरच्या वरच्या बोल्टला आटेच नाहीत. कॅलिपर एका बोल्टावर लटकेल. अशी गाडी मी देत नाही."

हा नकार बरोबर होता. पुढच्या ब्रेकचा सगळा भार कॅलिपरमधून त्या दोन बोल्टांतूनच फोर्कवर येतो. एक नसेल तर कॅलिपर दुसऱ्याभोवती फिरून चाकात अडकू शकतं. अशा वेळी ग्राहकाला राग आला तरी चालतो.

मग पुढचं कसं करायचं यावर चार मार्ग निघाले.

पहिला, हाताच्या अंदाजाने. गॅरेजमालकांचा कल याच बाजूला होता आणि त्यांचा हात खरोखर चांगला आहे. पण हाताचा अंदाज बसतो तो रोजच्या पान्यावर आणि रोजच्या बोल्टावर. पोकळ बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे या दोन्हींत घट्ट होणं आणि तुटणं यांतलं अंतर फार थोडं असतं. होजचा बोल्ट गळत असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळू, असंही एक सुचवणं आलं. ते तिथल्या तिथे मोडून काढायला हवं. बॅन्जोचा जोड आट्यांवर बंद होत नाही, तो दोन वायसरांवर बंद होतो. टेपने गळती थांबत नाही, उलट तिचा तुकडा सुटून मास्टर सिलिंडरच्या बारीक भोकात अडकण्याची भीती.

दुसरा, बोल्टच्या मापावरून सर्वसाधारण तक्ता. ८.८ वर्गाच्या एम-८ ला असे तक्ते सुमारे २५ देतात, एम-१० ला ४५ ते ५०. एम-८ साठी हा आकडा योग्य आकड्याच्या जवळ जातो आणि तिथेच माणूस फसतो, कारण मग तोच तक्ता एम-१० बॅन्जोलाही लावला जातो. तो तक्ता भरीव बोल्टसाठी असतो. पोकळ बोल्टला ४५ लावले तर तो तुटलाच म्हणून समजा.

तिसरा, त्याच कंपनीच्या जवळच्या मॉडेलचा तक्ता. हा पर्याय दिसतो तितका सुरक्षित नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅलिपर बदलतं, एक पिस्टनचं जाऊन दोन पिस्टनचं येतं, माउंटिंग बोल्ट एम-८ चे एम-१० होतात. होजच्या बोल्टची पिचही बदलू शकते: जपानी घडणीच्या कॅलिपरांना बहुधा एम-१० × १.२५ असते, ब्रेम्बोच्या घडणीला एम-१० × १.०. १.० चा बोल्ट १.२५ च्या भोकात दोनेक आटे जातो आणि अडकतो. त्यावर टॉर्क पाना लावला तर क्लिक येते, पण ती अडकलेल्या आट्यांची असते आणि वायसर मोकळेच राहतात.

चौथा, याच गाडीचा, याच वर्षाचा तक्ता मिळवायचा आणि तोवर गाडी स्टँडवर ठेवायची. निवडला गेला तो हा.

योग्य तक्ता कसा मिळाला

ओनर्स मॅन्युअल गाडीमालकांकडे होतं. त्यात चेनचा ढिलेपणा, टायरची हवा, ऑइलचं माप होतं. ब्रेकच्या बोल्टांचे टॉर्क नव्हते. बहुतेक ओनर्स मॅन्युअलांत नसतात. ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही नोंदणीच्या तारखेपेक्षा वेगळं. ही गाडी नोंदली गेली २०१६ मध्ये, पण बनली होती २०१५ च्या अखेरीस. मॉडेल त्याच सुमारास बदललं असेल तर एवढा फरकही पुरतो. म्हणून आरसी, चॅसिस नंबर, कॅलिपरवरचा ओतीव शिक्का आणि बोल्टांची मापं एकत्र करून जिल्ह्याच्या ठिकाणच्या अधिकृत सेवाकेंद्राला विचारलं. मेकॅनिकने तिथल्या फोरमनला फोनवर सांगितलं, "नुसता आकडा नको दादा, पानाचं वरचं शीर्षक आणि खालची टीप दिसेल असा फोटो टाका." दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला.

त्यातले कामाचे आकडे असे होते, सगळे न्यूटन-मीटरमध्ये:

कॅलिपर माउंटिंग बोल्ट (एम-८, दोन): २६
होजचा बोल्ट, दोन्ही टोकं (एम-१० × १.२५): २३, वायसर दर वेळी नवे
पॅड पिन: १८
ब्लीडर निपल (हवा काढायचं): ७.५
मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पचे बोल्ट: १०, वरचा आधी

तक्ता आला म्हणजे झालं असं समजून मेकॅनिकने लगेच पाना उचलला नाही. त्याने तीन गोष्टी ताडून पाहिल्या. पहिली, न्यूटन-मीटर आणि किलोग्रॅम-मीटरच्या रकान्यांचं गुणोत्तर: २६ आणि २.६५, २३ आणि २.३५, दोन्ही ९.८ च्या आसपास, म्हणजे छापण्यात आकडा सरकलेला नाही. दुसरी, तक्त्यातला बोल्ट आणि गाडीवरचा बोल्ट एकच आहे का, हे व्हर्निअर आणि पिच गेजने. तिसरी, पानाच्या तळाची टीप. तिथे लिहिलं होतं की वेगळं सांगितलं नसेल तर सगळे आकडे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी आहेत. ही एक ओळ पहिल्याच दिवशी वाचली गेली असती तर फोर्कचा कान वाचला असता.

प्रत्यक्ष काम

फोर्कच्या कानाचं काय करायचं हा दुसरा मोठा निर्णय. फोर्कची ती पूर्ण बॉडी बदलणं हा निर्विवाद मार्ग, पण महाग, आणि भाग यायला आठवडा लागणार होता. दुसरा मार्ग तारेचा इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवण्याचा. आम्ही हा मार्ग मान्य करतो तो अटींवर: कानाला कुठेही चीर नसावी, भोक लंबगोल झालेलं नसावं, आणि भोवती पुरेसा धातू असावा. डाय पेनेट्रंट (चिरा दाखवणारा रंगीत द्रव) मारून कान तपासला, चीर नव्हती. कानाची जाडी १८ मिलिमीटर, भोक आरपार, म्हणून १६ मिलिमीटर लांबीचा एम-८ × १.२५ इन्सर्ट बसत होता. नीट बसवलेला असा इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतो, कारण तो भार मोठ्या व्यासावर पसरवतो.

"नीट बसवलेला" यात सगळं आलं. हातातल्या ड्रिलने हे भोक पाडायचं नाही. भोक अंशभर तिरकं झालं तरी बोल्टचं डोकं एका कडेवर टेकतं आणि टॉर्कचा आकडा फसवतो. फोर्कचा पाय उतरवून लेथवाल्याकडे नेला, ड्रिल प्रेसवर बांधून ८.३ मिलिमीटरचं भोक पाडलं, इन्सर्टच्याच सेटमधल्या टॅपने आटे मारले (नेहमीचा एम-८ टॅप इथे चालत नाही), हवेने कचरा उडवला आणि इन्सर्ट पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली जाईल इतका फिरवला. टोकाची शेपटी तोडून बाहेर काढली. आरपार भोकात ती राहिली तर बोल्ट तिच्यावर अडतो आणि क्लिक खोटी येते.

गाडीमालकांनी चकचकीत स्टेनलेस बोल्ट सुचवले होते. ते नाकारले. स्टेनलेसच्या इन्सर्टमध्ये स्टेनलेसचा बोल्ट आवळला की दोन्ही एकमेकांना चिकटून बसण्याचा धोका असतो, शिवाय बाजारात मिळणारा नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा. कंपनीचे दोन नवे बोल्ट घेतले.

लाल बोल्टांचाही निकाल लागला. ताणलेला एक कापून टाकला, म्हणजे तो चुकून दुसऱ्या गाडीवर जाणार नाही. दुसरा १५ न्यूटन-मीटरवर लावता आला असता, पत्रकात तसं लिहिलंच होतं. तरीही रोज वापरायच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकवर अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ बोल्ट ठेवू नये असं आमचं ठाम मत आहे. काही ग्रॅम वजन वाचतं, त्या बदल्यात पुढच्या वेळी कुणीतरी त्याला पोलादी बोल्टासारखा आवळतो. मूळ पोलादी बोल्ट ट्रेमध्ये जपून ठेवले होते. गाडी गॅरेजबाहेर पडेपर्यंत काढलेला एकही भाग टाकायचा नाही, ही मालकांची जुनी शिस्त इथे कामी आली. पिच गेज दोन्ही बोल्टांवर शेवटपर्यंत नीट बसलं, आडवी भोकं साफ होती, म्हणून तेच वापरायचे ठरले. वायसर मात्र तांब्याचे चार नवे, प्रत्येक टोकाला दोन.

नव्या होजच्या डोळ्याची जाडी जुन्या होजशी व्हर्निअरने जुळवून पाहिली. डोळा किंवा वायसर पातळ असेल तर बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, क्लिक येते आणि वायसर दाबलेच जात नाहीत. इथे जाडी जुळली.

पान्याचा प्रश्न दोन लहान पाने आणून सुटला: पाव इंच ड्राइव्हचा ५ ते २५ चा आणि तीन-अष्टमांश इंच ड्राइव्हचा १० ते ६० चा.

बसवण्याचा क्रम असा ठेवला. सगळे आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे केले. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट बोटांनी पूर्ण आत नेले. बोटांनी जात नसेल तर थांबायचं. मग दोन टप्प्यांत, आधी १५ आणि मग २६. होजला पीळ न देता, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणत नाही ना हे बघून, बॅन्जोचे बोल्ट २३ वर. पाना एका संथ ओढीत, पहिल्या क्लिकला थांबून. खात्री म्हणून दुसऱ्यांदा क्लिक काढण्याची सवय बऱ्याच जणांना असते. तिने दर वेळी थोडा जास्त टॉर्क चढतो, म्हणून ती टाळायची.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट-४ (ऑइलचा प्रकार) लिहिलं होतं, म्हणून सीलबंद डब्यातलं डॉट-४ घेतलं. हवा काढून झाल्यावर ब्लीडर ७.५ वर. ब्लीडर पोकळ असतो आणि त्याचं टोक शंकूसारखं. गळतंय म्हणून जोर लावला तर तो मानेतच तुटतो, आणि तुटलेला ब्लीडर काढणं हे कॅलिपर बदलण्याइतकंच त्रासाचं. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर डोक्यापासून बॉडीपर्यंत रंगाची एक रेघ ओढली.

निष्पत्ती

लिव्हर पट्ट्याने हँडलला बांधून गाडी रात्रभर ठेवली. सकाळी दोन्ही बॅन्जो आणि ब्लीडरभोवती पांढरा टिश्यू फिरवला, तो कोरडा निघाला. लिव्हर पहिल्या दाबाला जिथे थांबत होता तिथेच दहाव्या दाबाला थांबला. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात थांबवून बघितलं, मग पॅड बसण्यासाठी मध्यम वेगातून टप्प्याटप्प्याने ब्रेक मारले. गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली गेली. बिलावर इन्सर्ट कुठे बसवला आणि तो का, हे लिहून दिलं, म्हणजे पुढचा मेकॅनिक तिथे पुन्हा ड्रिल घालणार नाही.

५०० किलोमीटरनंतर गाडी बोलावून रंगाच्या रेघा पाहिल्या. एकही सरकली नव्हती, ओल नव्हती. या वेळी बोल्टांना पाना लावला नाही. रेघ जागेवर असेल तर पुन्हा आवळण्याचं कारण नाही.

इन्सर्टचा आणि लेथचा खर्च गॅरेजने सोसला. गाडीमालकांनी होज आणि पॅडचे ठरलेले पैसे दिले.

काय वेगळं करता आलं असतं

गाडी घेतानाच आरसीचा फोटो काढून तक्ता मागवला असता तर तो काम सुरू होण्याआधी हातात असता. ग्राहक स्वतः भाग घेऊन येतो तेव्हा खोक्यातलं पत्रक आधी वाचायला हवं. भाग बदलला की आकडाही बदलू शकतो, आणि तो त्या पत्रकाखेरीज दुसरीकडे मिळत नाही.

वरचा बोल्ट फिरायला लागला तेव्हाच तक्त्यावर शंका यायला हवी होती. एका तक्त्यातला पहिला आकडा लावताना आटे गेले, तर त्याच तक्त्यातला दुसरा आकडा लावण्याआधी थांबणं भाग होतं. इथे मेकॅनिकने आटे जुने होते असं समजून पुढचं काम चालू ठेवलं. समज अर्धी खरी होती, म्हणूनच घातक ठरली.

फोर्कची बॉडी बदलायला हवी होती असं म्हणणारेही असतील आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. कान अ‍ॅल्युमिनियमचा, गाडी जुनी, ब्रेक पुढचा. चीर दिसली असती किंवा ड्रिल प्रेस मिळालं नसतं, तर आम्हीही तेच सांगितलं असतं.

आता या गॅरेजमध्ये एक वही आहे. प्रत्येक पानावर मॉडेल, उत्पादनाचा महिना-वर्ष, बोल्टची जागा, व्यास आणि पिच, आटे कोरडे की थ्रेड-लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलेले, बोल्ट किंवा वायसर दर वेळी नवा हवा का, आकडा एककासह, आणि तो कुठल्या पानावरून घेतला. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तो आकडा ब्रेकवर वापरायचा नाही असं ठरलं आहे. अनेक गाड्यांत डिस्कच्या आणि कॅलिपरच्या बोल्टांवर कंपनीतूनच थ्रेड-लॉकचा थर येतो आणि मॅन्युअलमध्ये ते दर वेळी नवे घ्यायला सांगितलेलं असतं. तिथे जुना बोल्ट साफ करून तोच आकडा लावणं बरोबर नाही.

जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलचा तक्ता सेवाकेंद्रातही मिळत नाही असं होतं. अशा वेळी कॅलिपर कोणत्या कंपनीचं आहे ते शिक्क्यावरून बघून तेच कॅलिपर, तेच बोल्ट असलेल्या दुसऱ्या मॉडेलचा तक्ता शोधायचा. व्यास, पिच, डोक्याचं माप आणि समोरचा धातू, चारही जुळले तरच तो घ्यायचा. दोन तक्त्यांत फरक आढळला तर लहान आकडा घेऊन, नवे वायसर टाकून, वर सांगितली तशी रात्रभराची परीक्षा करायची. जोड ओला झाला तर आणखी आवळायचं नाही: उघडायचं, वायसर टेकतो त्या दोन्ही पृष्ठभागांवर टॉर्च मारून ओरखडा आहे का बघायचं आणि वायसर बदलायचे. बॅन्जोची गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते.